सर, तुमचं मामाकुळ कोणतं?

पत्रकारिता शिकायला कॉलेज लागत नाही, असं भटू बोरसेचं ठाम मत होतं. बोलणाऱ्याला तोंड हवं आणि ऐकणाऱ्याला कान हवेत, बस्स! त्यातल्या तोंडाच्या बाबतीत भटूला हरवणारा अजून कुणी भेटायचा होता. अर्धं आयुष्य त्याने सुरतेजवळच्या भेस्तानला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात काढलेलं. तिथे सगळी मशीनं एकदम खडखडायला लागली, की शेजारच्याला "चहा?" एवढं विचारायलासुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. त्यामुळे भटू घरीही तसाच बोलायचा. त्याने बायकोला एखादं गुपित सांगितलं, की खालच्या मजल्यावरची ओरिसाची मंडळी माना डोलवायची. अशा माणसाच्या घरात पत्रकार जन्माला आली नसती तरच नवल!

आणि ती जन्माला आली होती. तिचं नाव हर्षदा, मराठी हायस्कूल, नववी ब.

"पप्पा, आमच्या शाळेत 'शाळा समाचार' सुरू झालाय! दर शनिवारी पाच मिनिटांचा व्हिडिओ, सगळा मुलांनीच करायचा. आणि रिपोर्टर कोण?"

"कोण?"

"मी!"

भटूने हे ऐकलं आणि तो तडक जिन्यात गेला. तिथे उभं राहून त्याने वरच्या तीन आणि खालच्या दोन बिऱ्हाडांना ही बातमी दिली. परत आला तेव्हा साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेली त्याची बायको मंगलाबाई म्हणाली, "पोर पत्रकार व्हयनी का तुम्ही?"

एक अट मात्र होती. शाळेच्या आचार्या, म्हणजे मुख्याध्यापिका, रुक्मिणीबेन यांना हा सगळा प्रकार फारसा पसंत नव्हता. पोरांच्या हातात माईक म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, असं त्यांना वाटायचं. गणपती मंडळाने शाळेला भेट दिलेला बिनवायरचा माईक हर्षदाच्या हाती देताना त्यांनी तिला बजावलं होतं, "बातमी खरी पाहिजे आणि कुणाची तक्रार येता कामा नये. एक तक्रार आली, की माईक कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये!" तेव्हापासून हर्षदाला रुक्मिणीबेनपेक्षा त्यांच्या पर्सचीच धास्ती वाटू लागली होती.

कारण तो माईक तिला मनापासून हवा होता. तो हातात आला, की एरवी वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी हर्षदा ताठ उभी राहायची आणि तिचा आवाज खणखणीत व्हायचा. घरी सरावासाठी भटूने तिला कारखान्यातून सुताची एक मोडकी कांडी आणून दिली होती. टोकाला थोडं लाल सूत राहिलेलं, त्यामुळे लांबून अगदी टीव्हीवाल्यांचा माईक वाटायचा. ती कांडी तोंडासमोर धरून हर्षदा घरातल्या घरात बातम्या द्यायची. "आज आमच्या स्वयंपाकघरात भेंडीची भाजी करण्यात आली असून ती करपल्याचे वृत्त आहे!"

"वृत्त खोटं शे!" मंगलाबाई आतून ओरडायची.

तर अशा ह्या पत्रकाराला पहिली मोठी कामगिरी मिळाली. शाळेत विज्ञानाचे नवे शिक्षक आले होते, भूपेंद्र देवरे सर. मूळचे शिरपूरकडचे, ताडमाड उंच, स्वभावाने लाजाळू. त्यांची मुलाखत घ्यायची होती. हर्षदाने प्रश्न तयार केले आणि मोठ्या उत्साहाने वडिलांना पहिला प्रश्न वाचून दाखवला.

"सर, तुम्हाला विज्ञानाची आवड कशी निर्माण झाली?"

भटूने कपाळावर हात मारला. "अगं माय, हाई काय इचारानं? तो विज्ञानना मास्तर शे, त्याले आवड ऱ्हाईच! पण माणूस कोण शे, ते कसं कळी?"

आता यात भटूचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही. खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसांची ओळख करून घ्यायची एक रीत आहे. गाव विचारायचं, आडनाव विचारायचं आणि मामाकुळ विचारायचं, म्हणजे आईचं माहेर कुणाचं ते. एवढं कळलं, की कपातला चहा संपायच्या आत समोरचा माणूस आपल्या आत्याच्या जावेचा भाचा निघतो. भटूने हे प्रश्न रिक्षावाल्यांना विचारले होते, दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारले होते, एकदा तर सिग्नल तोडला म्हणून पकडणाऱ्या हवालदारालाही विचारले होते. पावती फाटायची ती फाटलीच, पण फाडणारा मेहुण्याच्या गावचा निघाला, याचंच भटूला केवढं समाधान!

"लिही," तो म्हणाला. "गाव कोणतं? मामाकुळ कोणतं? भाऊ कितला, बहिणी कितल्या, त्यासनं लगीन व्हयनं का? वावर शे का? बागायत का कोरडवाहू?"

"पप्पा, सरांच्या शेतीचं आपल्याला काय करायचंय?"

"माणूस कळस!"

मंगलाबाईने टिकलीवरची नजर न हटवता भर घातली. "तंबाखू खास का, ते बी इचार. काही मास्तर फळ्याकडे तोंड करीसन खातस."

"आणि राग येस का ते इचार," भटू म्हणाला. "आणि सैपाक येस का. एकला ऱ्हास ना बिचारा."

हर्षदाला जरा विचित्र वाटलं खरं. पण घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिने लहानपणापासून हेच प्रश्न विचारले जाताना ऐकलं होतं. मोठी माणसं विचारतात, म्हणजे तसंच विचारत असतील, असं म्हणून तिने सगळं लिहून घेतलं आणि आपला विज्ञानाचा प्रश्न शेवटी ढकलला.

चित्रीकरण शाळेच्या मैदानात झालं. तिची मैत्रीण चंचल मोबाईल धरून उभी होती. "सर, तुमचं डोकं कापलं जातंय. मागे व्हा. अजून मागे!" असं करत करत शेवटी देवरे सर डोक्यापासून चपलांपर्यंत पूर्ण दिसतील असे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले. एक हात खिशात, दुसरा जास्वंदीच्या झाडावर. मागे शाळेचं नाव अगदी स्पष्ट.

"सर, तुमचं मामाकुळ कोणतं?" हर्षदाने खणखणीत आवाजात विचारलं.

आणि गंमत बघा, सरांना ह्या प्रश्नात काहीच वावगं वाटलं नाही! तेही त्याच मातीतले. जन्मापासून हेच तर सांगत आले होते. मामाकुळ सोनवणे. मोठा भाऊ एक, तो वेगळा राहतो. बहिणी दोन, दोघींची लग्नं झाली. वावर थोडंच आहे, पण बागायत. तंबाखूच्या प्रश्नावर त्यांनी नकळत खिसा चाचपला आणि म्हणाले, "छे छे, सुपारीसुद्धा नाही." राग लवकर येत नाही, आला तर जेवणाच्या वेळेपर्यंत निघून जातो. वरण-बट्टी उत्तम जमते, शेवभाजी शिकणं चालू आहे.

"आमच्या दर्शकांना काय सांगाल, सर?"

सर दहावीच्या मुलांचा विचार करत होते. "माझ्या फार काही अपेक्षा नाहीत," ते लाजत म्हणाले. "फक्त समजूतदारपणा असावा."

"मेमरी फुल!" चंचल ओरडली. विज्ञानाच्या आवडीचा प्रश्न राहिला तो राहिलाच.

रुक्मिणीबेननी व्हिडिओ पाहिला. कुणाची निंदा नाही, कुणाची टवाळी नाही. "सभ्य आहे, टाका," असं म्हणून त्यांनी पर्स बंद केली, आणि हर्षदाने श्वास सोडला.

व्हिडिओ भटूच्या मोबाईलवर आला मात्र, त्याला आभाळ ठेंगणं झालं! कारखान्यात त्याने तो प्रत्येक कारीगराला दाखवला. मशीनच्या आवाजात कुणाला एक अक्षर ऐकू आलं नाही, तरी सगळ्यांनी वाहवा केली. शेठ चक्कर मारायला आले, त्यांनाही त्याने अडवलं. शेठनी दोन मिनिटं कान लावून पाहिलं आणि म्हणाले, "भटूभाई, छोकरी तो बहु सरस बोले छे!" झालं! भटूच्या अंगात आता बळ संचारलं. त्याने व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर टाकला, गावच्या ग्रुपवर टाकला, बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. तरी मन भरेना. सगळ्यात जास्त माणसं कुठल्या ग्रुपवर आहेत?

'समाज लग्नजुळणी परिवार, सुरत.'

पुतण्याचं लग्न जमवायला भटू त्या ग्रुपात शिरला होता. पुतण्याला आता दोन पोरं झाली, पण भटू बाहेर पडला नव्हता. इतकी माणसं एका ठिकाणी असताना उठून कसं जायचं? त्याने तिथेही व्हिडिओ टाकला आणि खाली दाबून दाबून अक्षरं लिहिली, "माझी मुलगी हर्षदा हिने घेतलेली मुलाखत. पूर्ण पाहावी. पसंत पडल्यास जरूर कळवावे."

आणि कळवायला सुरुवात झाली की हो!

"छान आहे. शोभून दिसतं."

"आभारी आहे!" भटूने लिहिलं.

"उंची किती?"

"देख, मंगला," भटू हरखून म्हणाला, "लोके कितलं बारीक देखतस!" हर्षदाला विचारून त्याने उत्तर दिलं, "हात वर केल्यास पंख्याला लागतो."

"नोकरी पक्की का?"

"पक्की."

"चष्मा?"

"फक्त वाचताना."

"स्वभाव कसा वाटतो?"

"मुलांच्या म्हणण्याप्रमाणे मारत नाहीत."

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं होईपर्यंत ह्या माणसाला काहीच कसं कळलं नाही? अहो, आपल्या पोरीचं काम लोक इतक्या आस्थेने बघतायत म्हटल्यावर बापाची बुद्धी जागेवर राहते का? त्याला वाटलं, बातमीचं क्षेत्रच असं असतं. लोक प्रश्न विचारतात, पत्रकाराच्या घरच्यांनी उत्तरं द्यायची. आणि मग तो शेवटचा प्रश्न आला, ज्याने त्याचे डोळेच भरून आले.

"प्रत्यक्ष भेटता येईल का?"

येत्याच शनिवारी शाळेची तपासणी होती आणि तपासणीच्या पाहुण्यांसमोर हर्षदा स्टेजवरून बातम्या देणार होती. समाजातल्या चार माणसांनी ते पाहावं, असं कुठल्या बापाला वाटणार नाही? भटूने लिहिलं, "अवश्य. शनिवारी सकाळी शाळेत यावे. सहकुटुंब यावे."

शनिवार उजाडला. शाळेत रांगोळ्या काढल्या होत्या, पताका लावल्या होत्या. रुक्मिणीबेन सकाळपासून हजेरीची रजिस्टरं पुन्हा पुन्हा चाळत होत्या. मराठी शाळांचा पट दरवर्षी घटतोय, तपासणीत काही कमीजास्त निघालं तर काय, ही धास्ती. त्यांनी शिपाई उखाला चारदा बजावलं होतं, "पाहुणे आले की सरळ आत आणायचं. काही विचारत बसायचं नाही!"

उखाने काहीही विचारलं नाही. सुरतेजवळच्या सचिन गावाहून एक गाडी आली, तिच्यातून पांढरं धोतर, पांढरी टोपी, भरघोस मिशा असलेले एक गृहस्थ उतरले, त्यांच्या मागे पदर सावरत त्यांची मंडळी आणि हातात पिशवी घेतलेला एक मेहुणा. हे लोटू आप्पा. त्यांच्या मुलीचं, वर्षाचं, लग्नाचं बघणं चाललं होतं. उखाने त्यांना कडक नमस्कार ठोकला आणि थेट आचार्यांच्या खोलीत नेऊन बसवलं. रुक्मिणीबेन लगबगीने उठल्या.

"या या साहेब! आधी चहा की आधी शाळा?"

"आधी शाळा पाहू," आप्पा म्हणाले. पोरगी द्यायची तर मुलगा काम करतो ती जागा नीट बघून घ्यावी, ह्या मताचे ते होते.

आणि त्यांनी शाळा अशी पाहिली, की अशी तपासणी कुणी केली नसेल! टाकीचं झाकण उघडून आत वाकून पाहिलं. "कधी धुतली?" भिंतीवरून हात फिरवला. "वल धरस का पावसाळामा?" प्रयोगशाळेतला हाडांचा सापळा पाहून त्यांच्या मंडळी दचकल्या, पण आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "हाऊ कोन?" रुक्मिणीबेननी घाईघाईने सांगितलं की प्लास्टिकचा आहे.

मग व्हरांड्यात आप्पा थांबले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. "बेन, खरं सांगा. शाळा टिकी ना? का चार वरीसमा टाळं लागी?"

रुक्मिणीबेननी आधी नुसता पदर सारखा केला. पण मग काय झालं कोण जाणे, त्यांना एकदम स्फुरण चढलं. "टिकेल, साहेब! का नाही टिकणार? आईबाप दिवसभर लूमवर राबतात आणि पोरं इथे येऊन शिकतात. दहावीचा निकाल बघा. अहो, आमची मुलं स्वतः बातम्या देतात! स्वतःचं चॅनल आहे शाळेचं. दाखवा मला दुसऱ्या कुठल्या शाळेत आहे ते!"

स्टेजमागे माईक पुसत उभ्या असलेल्या हर्षदाने हे ऐकलं आणि तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

"चॅनल पाहिलं," आप्पा समाधानाने म्हणाले. "आते देवरेसले बलावा."

शिक्षकांची नावंसुद्धा पाठ! रुक्मिणीबेन थक्क झाल्या. देवरे सर धावत आले. आप्पांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"चालीसन दाखाडा."

"कुठे, साहेब?"

"दारलोंग जा, आन परत या."

सर दारापर्यंत गेले आणि परत आले.

"काही वाची दाखाडा."

सरांनी चष्मा लावून आठवीच्या पुस्तकातला प्रकाशाचा धडा वाचला. आप्पांच्या मंडळींनी पदराने डोळे टिपले. "आवाज गोड शे," त्या हळूच म्हणाल्या. गांधीनगरहून आलेली ही काहीतरी नवी पद्धत असेल, असं समजून रुक्मिणीबेननीही मान डोलावली.

इकडे फाटकापाशी खरी तपासणी आली होती. एक गुजराती बाई अधिकारी, साध्या सुती साडीत, खांद्याला झोळी. उखाने त्यांना हात दाखवून अडवलं. "मोठे साहेब आत आहेत. बाकड्यावर बसा."

बाकड्यावर शांताबाई आधीच बसल्या होत्या. त्या इच्छापोरहून, आपल्या भाचीसाठी आल्या होत्या आणि पुढे दुसरी पार्टी आहे म्हणून घुश्शात होत्या. त्यांनी बाईंना सरकून जागा दिली. "तुम्ही बी त्यासाठीच का?"

"हूं तो तपासणी माटे आवी छुं," बाई म्हणाल्या.

"मग आम्ही काय वेगळं करायला आलो?" शांताबाई म्हणाल्या. "तपासल्याशिवाय कोण देतंय? तुमची पोरगी कितवी शिकली?"

अधिकारी बाईंनी एकदा शांताबाईंकडे पाहिलं, एकदा हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि त्या उठून सरळ आत चालू लागल्या. मागोमाग शांताबाई, कारण आपला नंबर कुणी मारू नये. मागोमाग उखा, कारण त्याला आता घाम फुटला होता.

सगळे आचार्यांच्या खोलीत शिरले तेव्हा आप्पांनी पिशवीतून नारळ, टॉवेल-टोपी आणि पेढ्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला होता.

"मुलगा आमले पसंत शे," आप्पा म्हणाले. "मुलाकडून मोठ्या तुम्हीच ना, बेन?"

"कोणता मुलगा?" रुक्मिणीबेननी विचारलं.

"बेन," उखा म्हणाला, "ह्या बाई म्हणतात, तपासणी त्यांची आहे. मग आत्ता झाली ती कुणाची?"

देवरे सरांच्या हातातून आठवीचं विज्ञान खाली पडलं. आप्पांनी गोंधळून मोबाईल काढला आणि सगळ्यांना दाखवला. "हाई देखा ना! भटूभाऊनीच तर बलावं!"

भटू तेव्हा नेमका दारात पोचला होता. लग्नातला सफारी घालून, पहिल्या रांगेतली खुर्ची पकडून तो समाजाच्या माणसांची वाट बघत बसला होता, आणि समाजाची माणसं आत का गेली ते बघायला आला होता. त्याने मोबाईलवर आपलंच वाक्य पाहिलं. 'पसंत पडल्यास जरूर कळवावे.' मग उंची, मग चष्मा, मग स्वभाव. एकेक ओळ वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

रुक्मिणीबेनचा हात पर्सकडे गेला. "हर्षदा, माईक दे."

हर्षदा माईक छातीशी धरून दाराशी उभी होती. तिने वडिलांकडे पाहिलं. भटूने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला, "चूक मनी शे, बेन. पोरनी नही." आणि नशीब बघा, आख्ख्या भेस्तानला ऐकू जाणाऱ्या माणसाचं ते एक वाक्य खोलीत कुणालाच ऐकू गेलं नाही!

हर्षदाला मात्र ते त्याच्या ओठांवरून कळलं. कारखान्यातल्या माणसाच्या घरात ओठ वाचता येतातच. तिने डोळे पुसले. "बेन, माईक देते," ती म्हणाली. "पण आजची बातमी सांगून देते. बातमी खरी पाहिजे, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"समाचार छे?" अधिकारी बाई कान टवकारून म्हणाल्या. "चालो, सांभळीए!"

सगळे मैदानात आले. हर्षदा स्टेजवर चढली, ताठ उभी राहिली आणि तिने सुरुवात केली.

"नमस्कार. शाळा समाचारमध्ये आपलं स्वागत. आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या वेळी आम्ही देवरे सरांची मुलाखत दाखवली. तिच्यातले प्रश्न पाहुण्यांना विचारायचे होते, ते आम्ही सरांना विचारले. ती मुलाखत आमच्या प्रतिनिधीच्या वडिलांनी आनंदाच्या भरात लग्नाच्या ग्रुपवर पाठवली. त्यांचा आनंद खरा होता, फक्त ग्रुप चुकला. त्यामुळे सचिन आणि इच्छापोरहून आलेल्या पाहुण्यांना हेलपाटा पडला आणि तपासणीच्या बाईंना बाकड्यावर बसावं लागलं. सगळ्यांची आम्ही माफी मागतो. सरांची जास्त."

मुलं खिदळत होती, ती सरांकडे बघू लागली. भटू मान खाली घालून उभा होता.

"आता मुलाखतीत राहिलेला प्रश्न," हर्षदा म्हणाली आणि स्टेजवरून उतरून सरांपुढे माईक धरला. "सर, तुम्हाला विज्ञानाची आवड कशी निर्माण झाली?"

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "लहानपणी मी आमच्या विहिरीची मोटर खोलली होती. आत काय असतं ते बघायला. खोलली, पण जोडता येईना. पिकाला पाणी नाही, घरात सगळ्यांचा आरडाओरडा. मला वाटलं, आता वडील सोलून काढणार. वडील येऊन शेजारी मातीत बसले आणि म्हणाले, आता समजून घे आणि जोड. मी सांगतो, तू जोड. त्यांनाही काही येत नव्हतं. मेकॅनिक आला तरी आम्ही दोघं तसेच बसलो होतो." ते हसले. "अजून तेच करतोय. आधी खोलतो, मग समजून घेतो."

लोटू आप्पांनी मांडीवर थाप मारली. "आते कळना माणूस!"

भटूने चटकन वर पाहिलं. हे तर त्याचंच वाक्य! माणूस कोण शे, ते कसं कळी, असं तोच म्हणाला होता ना? आणि माणूस कळला होता, पण त्याच्या प्रश्नांनी नाही. त्याच्या पोरीच्या प्रश्नाने. भटूचा ऊर भरून आला. टाळ्या वाजवायला पहिला हात त्याचाच उठला, आणि लूमवर राबणारे ते हात होते, त्यामुळे मैदान दणाणलं.

अधिकारी बाईंनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग जन्मात असं काही पाहिलं नव्हतं, अशा चेहऱ्याने रुक्मिणीबेनना म्हणाल्या, "आवी तपासणी तो में जोई नथी. अने आवी छोकरी पण नथी जोई."

रुक्मिणीबेननी जमलेल्या सगळ्यांकडे नजर फिरवली. "कुणाची काही तक्रार आहे?"

"आहे ना!" शांताबाई म्हणाल्या. "मघापासून बसलोय, चहा नाही विचारला कुणी."

"ती उखाबद्दलची तक्रार झाली," रुक्मिणीबेन म्हणाल्या. "माईकबद्दलची नाही." आणि त्यांनी पर्सची चेन खर्रकन बंद केली.

पांगापांग झाल्यावर देवरे सर भटूजवळ आले. इकडेतिकडे बघून, कानात सांगितल्यासारखं म्हणाले, "भाऊ, आप्पांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

आता गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण भटूच तो! घरी आल्यावर त्याने आजच्या बातम्यांचा व्हिडिओ त्याच ग्रुपवर टाकला. चूक तिथे झाली, तर खुलासाही तिथेच व्हायला पाहिजे, नाही का? लगेच टिंग टिंग सुरू झालं.

"मुलगी धीट आहे. कोणाची?"

"माझी!" भटूने छाती फुगवून लिहिलं.

"मामाकुळ?"

"उंची किती?"

"रंग उजळ आहे. घरकाम येतं का? आमच्या मुलासाठी पुढेमागे विचार करता येईल."

भटू थबकला. त्याने ते तीनदा वाचलं. हे सगळे त्याचेच प्रश्न होते. उभ्या जन्मात तो हेच विचारत आला होता आणि कधी कुणाला टोचत असतील असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. समोर हर्षदा लाल सुताची कांडी हातात घेऊन पुढच्या शनिवारची बातमी पाठ करत होती. भटूने दाबून दाबून अक्षरं लिहिली, "ती नववीत आहे. ती पत्रकार आहे. तिला विचारायचं असेल तर एवढंच विचारा, आजची बातमी काय?"

आणि त्याने ग्रुप सोडला.

"काबरं सोडा?" मंगलाबाईने विचारलं. "इतला वरीस तर सोडा नही!"

"काम व्हयनं," भटू म्हणाला. आणि हे तो चक्क हळू म्हणाला.

तर मंडळी, असा बदलला भटू बोरसे. सोमवारी त्याच्या शेजारच्या मशीनवर एक नवा कारीगर आला, चांगला मिशीवाला बाप्या. सवयीने भटूचं तोंड उघडलं, पण त्याने ते वेळीच आवरलं. पत्रकाराचा बाप होता तो आता! त्याने खडखडाटातून बेंबीच्या देठापासून ओरडून विचारलं, "तुम्हाला लूमची आवड कशी निर्माण झाली?"

"आवड?" तो माणूस तितक्याच जोरात ओरडला. "आवड कसली, भाऊ! गावाकडे काम नव्हतं!"

भटूने मान डोलावली. उत्तर अगदी खरं होतं. आणि उत्तर मिळालं, की त्यातूनच पुढचा प्रश्न काढायचा, असं हर्षदाने त्याला शिकवलं होतं.

"गाव कोणतं?" भटूने विचारलं.

मग काय, चहाची सुट्टी व्हायच्या आत मामाकुळही निघालं!